गाणं अचानक चाललं तर? नव्या गीतकार-गायकांसाठी आधीची तयारी

स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतःच गाणारे नवे लोक बहुतेक सगळी ताकद गाणं पोहोचवण्यात घालतात. पोहोचल्यावर काय लागतं हे नंतर कळतं, आणि तेव्हा वेळ नसतो. एखादा पंधरा सेकंदांचा तुकडा फिरू लागला की दुसरं गाणं, तासाभराचा कार्यक्रम, मालकीचे कागद आणि टिकणारा आवाज हे सगळं एकदम मागितलं जातं. यातलं काहीच आठवड्यात उभं राहत नाही.

आधी प्रभावाचं बघू. 'आवडत्या गायकासारखंच सुचतं' ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. त्यावर ऐकणं कमी करणं हा उपाय नव्हे. ऐकलेलं उकलून बघायला हवं. आवडती तीन गाणी घ्या आणि कागदावर मांडा: मुखडा कितव्या सेकंदाला येतो, ओळीत किती मात्रा आहेत, सर्वांत वरचा सूर कोणत्या शब्दावर लागतो, वाद्यं कुठे गप्प होतात. मग एकाची लय घ्या, दुसऱ्याची बांधणी, तिसऱ्याची शब्द योजायची तऱ्हा. तिन्ही गोष्टी एकाच गाण्यातून आल्या तर ती नक्कल. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, क्रमाची फार धास्ती नको; पहिली, पाचवी, सहावी, चौथी हा क्रम असंख्य गाण्यांत आहे. वाद होतो तो बहुधा चालीवरून. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल 'हीज सो फाइन' या आधीच्या गाण्यावरून आली, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने 1976 मध्ये दिला, आणि तोही नक्कल अजाणता झाली असं मानून. म्हणजे 'मुद्दाम केलं नाही' म्हणून सुटका नाही. म्हणून नवी चाल शब्दांशिवाय तीन जणांना गुणगुणून दाखवा. 'कशी वाटली?' विचारू नका, 'काय आठवलं?' विचारा. गूगलवर गुणगुणून गाणं शोधायची सोय आहे, तिथेही एकदा लावून बघा.

लिहिताना नव्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते दुसऱ्या अंतऱ्यात. पहिल्या अंतऱ्याला चाल आणि शब्द एकत्र सुचलेले असतात; दुसऱ्याचे शब्द तयार चालीत कोंबले जातात. समजा पहिली ओळ आहे 'दार उघडं ठेव'. मात्रा 3, 4, 3, एकूण 10. दुसऱ्या अंतऱ्यात त्याच जागी 'रात्र संपून गेली' लिहिलं, तर मात्रा होतात 3, 5, 4, म्हणजे 12. गायक 'संपून'चा 'पू' गिळतो आणि ऐकणाऱ्याला नुसतं काहीतरी खटकतं. 'रात्र सरली आज' केलं की पुन्हा 3, 4, 3, आणि ऱ्हस्व-दीर्घही जागच्या जागी बसतात. एवढी मोजणी प्रत्येक ओळीला करावीच. शेवटचा शब्द समेवर येत असेल तर तो वजनदार हवा. 'आहे', 'तर', 'सुद्धा' असे शब्द तिथे पडले की ओळ ढिली होते.

पट्टी ठरवताना ताज्या गळ्यावर विसंबू नका. चाळीस मिनिटं गाऊन झाल्यावर वरचा सूर सहज लागतो का ते बघा. ओढून लागत असेल तर गाणं दोन पट्ट्या खाली आणा, रेकॉर्डिंगच्या आधीच. एकदा चाललेलं गाणं लोकांना त्याच पट्टीत हवं असतं.

घरच्या रेकॉर्डिंगला माइक तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, पुढे पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), रेकॉर्डिंग 24 बिटमध्ये, आणि आवाजाची सर्वांत वरची टोकं वजा 6 डेसिबलच्या आसपास. क्लिकवर, म्हणजे लयीच्या टिकटिकीवर गा आणि टेम्पो लिहून ठेवा. काम संपल्यावर फक्त अंतिम मिक्स ठेवून फाइली पुसायची खोड बऱ्याच जणांना असते. ती महागात पडते: जाहिरात किंवा चित्रपटवाले गाणं मागतात तेव्हा त्यांना बिनगायकीची आवृत्ती आणि प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल हवी असते, तीही उद्याच्या उद्या.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण भांडणं इथेच होतात. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दोन्हींची टक्केवारी स्वतंत्र लिहायची, प्रत्येकीची बेरीज 100, खाली सह्या आणि तारीख. गाणं पुरं झालं त्याच दिवशी हे करा. सुरुवातीची गिटारची धून मित्राने बसवली असेल तर ती शब्द-चालीत धरायची की नाही, हे गाणं चालण्याआधी पाच मिनिटांत ठरतं. चालल्यावर मैत्री जाते. ऑनलाइन घेतलेल्या बीटचा, म्हणजे तयार वाद्यसाथीचा, परवाना नीट वाचा. स्वस्त परवाना बहुधा एकट्याचा नसतो: तीच बीट इतरांकडेही असते, किती वेळा वाजेल यावर मर्यादा असते आणि असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (इतरांच्या व्हिडिओत आपलं गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकता येत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळखीचा कोड मिळतो. डिस्ट्रिब्युटर (गाणं स्ट्रीमिंगवर पोहोचवणारी कंपनी) बदललात तर तोच कोड द्या, नाहीतर जुने आकडे तुटण्याचा धोका असतो. गिटारवरची वेगळी आवृत्ती काढलीत तर तिला नवा कोड लागतो.

गाणं प्रसिद्ध करायच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते किमान सात दिवस आधी जावं लागतं. तिथे तीस सेकंद वाजल्यावरच एक वेळ मोजली जाते, म्हणून चाळीस सेकंदांची नुसती वाद्यांची सुरुवात नव्याने ठेवू नये. आमच्या मते ती तशीही क्वचितच लागते.

आणि समजा, चाललं. पहिल्या दोन दिवसांत एवढंच करा: सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलंय ना ते बघा, पूर्ण गाण्याची लिंक वर टाचा, शब्द आणि कॉर्ड टाका, संपर्काचा एकच पत्ता ठेवा. सही कशावरही नको. करार आला की आधी मुदत, प्रदेश, एकाधिकार आणि पुढच्या गाण्यांवरचा हक्क ही चार कलमं शोधा. 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' हे शब्द दिसले की थांबा. ॲडव्हान्स ही बक्षिसी नव्हे. तो तुमच्याच रॉयल्टीतून वळता होतो, आणि बऱ्याच करारांत चित्रीकरणाचा, प्रसिद्धीचा खर्चही त्याच खात्यात पडतो. हिशेब तपासायचा हक्क लिहून घ्या. वकील स्वतः निवडलेला असावा, कंपनीने सुचवलेला नको. स्ट्रीमिंगचे पैसे साधारण दोन-तीन महिन्यांनी हातात येतात, तेव्हा नाव झालं म्हणून लगेच नोकरी सोडू नये.

तासाच्या कार्यक्रमाला बारा-चौदा गाणी लागतात. नव्याकडे चार असतात, म्हणून गाणं गाजायच्या आधीच दहा तरी वाजवता येतील अशी ठेवा. गाजलेलं गाणं शेवटून दुसरं. पहिलंच गायलात तर निम्मे लोक मोबाइल खिशात टाकून बाहेर जातात. सलग कार्यक्रम घेताना मध्ये गळ्याला एक दिवस मोकळा सोडा. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येऊ शकतो. घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही, तर घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू दुर्बिणीतून तपासून घ्या. गाता गाता आवाज एकाएकी गेला तर मात्र तिथेच थांबायचं आणि लगेच दाखवायचं; 'एवढं एक गाणं पूर्ण करतो' म्हणायचं नाही.

दुसऱ्या गाण्यात स्वतःचीच नक्कल होते, तीही अजाणता. वर सांगितलेली तीन गाण्यांची मांडणी इथे गाजलेल्या गाण्यावर करा, आणि नव्यात त्यातली एकच गोष्ट ठेवा: लय किंवा बांधणी, दोन्ही नको. गाणं किती वेळा वाजलं यापेक्षा किती जणांनी जपून ठेवलं आणि किती जण परत आले हे आकडे बघा. तुकड्यामागे आलेले आणि तुमच्यासाठी थांबलेले यांतला फरक तिथेच दिसतो. प्रतिक्रिया महिनाभर दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या, आणि कामाचं तेवढंच तुमच्यापर्यंत यावं असं त्यांना सांगून ठेवा.