सेफ्टी रिले ट्रिप झालाय? मशीन चालू करण्याआधी या चुका टाळा

सेफ्टी रिले म्हणजे ई-स्टॉप (इमर्जन्सी स्टॉप) आणि दरवाज्यांच्या स्विचवर नजर ठेवून धोका दिसला की मशीन थांबवणारा मॉड्यूल. तो रिसेट होत नाही म्हणजे रिले गेला, असं नव्या मेंटेनन्सवाल्यांना का वाटतं कळत नाही. बहुतेक वेळा रिले ठणठणीत असतो आणि बाहेर काहीतरी बिघडलंय म्हणून अडून बसलेला असतो. मॉड्यूल बदलायला हात घालण्याआधी तो का अडलाय ते बघा.

फीडबॅक लूपला जंपर मारणे

ही चूक मला अजिबात सहन होत नाही. रबराच्या एका कारखान्यात रात्रपाळीला टू-रोल मिक्सिंग मिलचा रिले रिसेट होईना. मोटरच्या लाइनमध्ये दोन काँटॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारे-तोडणारे स्विच) सिरीजमध्ये होते आणि दोघांचे एनसी काँटॅक्ट (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे काँटॅक्टर सुटला की जुळणारे) रिलेच्या फीडबॅकला, म्हणजे काँटॅक्टर खरंच सुटलेत का हे रिले तपासतो त्या सर्किटला, जोडलेले. एका काँटॅक्टरचे मेन पोल वेल्ड होऊन चिकटले होते, त्यामुळे त्याचा एनसी जुळत नव्हता आणि रिले रिसेट नाकारत होता. माल सकाळी जायचा होता. कुणीतरी फीडबॅकच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा टाकला आणि मिल फिरायला लागली.

ई-स्टॉप दाबला की मिल थांबायचीही, कारण दुसरा काँटॅक्टर शाबूत होता. त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. मी भलत्याच कामासाठी पॅनल उघडलं तेव्हा तो तुकडा दिसला. तोवर माणसं त्या रोलांमध्ये हाताने रबर सारत होती, एका काँटॅक्टरच्या भरवशावर. तोही चिकटला असता तर ई-स्टॉप दाबूनही रोल थांबले नसते.

काँटॅक्टर बदलताना मी दोन्ही एकदम बदलतो. दोघांनी सारखाच लोड सोसलेला असतो. फीडबॅकला मिरर काँटॅक्टच हवा, म्हणजे आयईसी 60947-4-1 या स्टँडर्डप्रमाणे मेन पोल चिकटला तर एनसी जुळणारच नाही असा. खोक्यातला कुठलाही ऑक्झिलरी ब्लॉक चालत नाही. मग मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावायचं, मोटरच्या बाजूला सप्लाय नाही हे मीटरने बघायचं आणि फक्त कंट्रोल सप्लाय चालू ठेवायचा. इन्सुलेटेड दांडीने एक काँटॅक्टर आत दाबून धरायचा आणि रिसेट मारायचा. रिलेने नकार दिला पाहिजे. मग दुसऱ्याचं तसंच. हे झाल्याशिवाय मी मशीन ताब्यात देत नाही, प्रॉडक्शनवाले कितीही ओरडले तरी.

सप्लाय बंद-चालू करून फॉल्ट घालवणे

याने फॉल्टची मेमरी पुसली जाते, फॉल्ट तिथेच राहतो. तीन-चार दरवाज्यांचे स्विच सिरीजमध्ये असतील तर प्रकरण आणखी फसवं. प्रत्येक स्विचला दोन काँटॅक्ट असतात, म्हणजे रिलेकडे जाणारे दोन वेगळे चॅनल. एका दरवाज्याच्या स्विचचा एक काँटॅक्ट अडकला की तो दरवाजा उघडल्यावर एकच चॅनल तुटतो आणि रिले तक्रार करतो. पण पुढे कुणी दुसरा, चांगला दरवाजा उघडून लावला की दोन्ही चॅनल तुटून परत जुळतात, रिले खूश आणि बिघाड लपला. याला फॉल्ट मास्किंग म्हणतात. आयएसओ/टीआर 24119 हा दस्तऐवज यावरच होता; 2024 मध्ये त्याची जागा आयएसओ 14119 च्या नव्या आवृत्तीने घेतली. माझी सवय अशी: मशीन उभं असताना बाकीचे सगळे दरवाजे लावून एकेकच उघडायचा आणि दोन्ही चॅनलचे दिवे विझतात का ते डोळ्यांनी बघायचं. वेळ लागतो. लागू द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रिसेटचं बटण धोक्याच्या जागेत. ते बाहेर हवं आणि तिथून आतला माणूस दिसायला हवा. नुसत्या रिसेटने मशीन सुरू होता कामा नये. स्टार्ट वेगळा द्यायचा.

एफ-मॉड्यूल (सेफ्टी पीएलसीचा फेल-सेफ मॉड्यूल) बदलला, ॲड्रेस विसरला. ॲड्रेस ठरवणारे डीआयपी स्विच (छोटे खटके) असतील तर जुना मॉड्यूल काढण्याआधी त्यांचा फोटो घ्या.

पॅसिव्हेशननंतर (फॉल्ट दिसला म्हणून मॉड्यूलने चॅनल सुरक्षित स्थितीत नेल्यावर) आपोआप रीइंटिग्रेशन, म्हणजे परत कामाला लागणं. सीमेन्समध्ये एसीके_एनईसी (परत सुरू होण्याआधी माणसाची मंजुरी हवी का, हे ठरवणारा बिट) शून्य करून ठेवणारे भेटतात. चॅनलचा फॉल्ट गेला की आउटपुट कुणाला न विचारता परत येऊ शकतं. माणूस आत असेल तर?

सेफ्टी कंट्रोलरची किल्ली प्रोग्राम मोडवर सोडणे. या मोडमध्ये कंट्रोलरचा प्रोग्राम बदलता येतो. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटवर ट्रायटन मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा तिथल्या ट्रायकोनेक्स या सेफ्टी कंट्रोलरची किल्ली प्रोग्रामवरच होती. काम संपलं की किल्ली रनवर फिरवा, काढा आणि शिफ्ट इन्चार्जच्या हातात देऊन रजिस्टरवर त्याची सही घ्या.