केबिन क्रू ट्रेनिंगला जाताय? आधी हे शब्द पक्के करा

पहिल्या दिवशी जाड मॅन्युअल हातात येतं आणि सगळे रात्र रात्र बसून शब्दांची यादी घोकतात, तसं अजिबात करू नका. कागदावर विमानाचं साधं चित्र काढा, एअरबस ए-थ्री-ट्वेंटीचंच काढा कारण आपल्याकडे तेच जास्त उडतं, आणि प्रत्येक शब्द त्याच्या जागेवर लिहा. नाकाकडची बाजू फॉरवर्ड, शेपटीकडची आफ्ट, विमानाचं धड म्हणजे फ्यूजलाज, केबिनमधली आडवी भिंत बल्कहेड, चहा-जेवणाची जागा गॅली, आपली घडीची सीट जंपसीट. एवढं एका दिवसात होतं.

खरी गडबड लेफ्ट-राइटला होते. डावं-उजवं नेहमी नाकाकडे तोंड करून ठरवायचं, तुम्ही कसे बसलात त्याच्याशी काही संबंध नाही. पुढच्या जंपसीटवर आपली पाठ कॉकपिटकडे आणि तोंड पॅसेंजरकडे असतं, म्हणजे तुमच्या उजव्या हाताचं दार हे एल-वन, लेफ्टचं पहिलं! बाहेर आग दिसली आणि घाईत तुम्ही इंटरकॉमवर उलटी बाजू सांगितली तर लोकांना नेमकं आगीच्याच दाराकडे पाठवलं जाईल. मी घरी खुर्ची भिंतीला टेकवून बसायचे आणि हात दाखवून "एल-वन, आर-वन" म्हणायचे, आठवडाभरात डोक्यात बसलं. सीट सांगतानाही तसंच, बी आणि डी कानाला सारखेच लागतात, पण १४ बी डावीकडे मधली आणि १४ डी उजवीकडे आइलची, म्हणजे चालायच्या वाटेलगतची, म्हणून "ब्राव्हो", "डेल्टा" असंच म्हणायचं.

आता दार. आर्म करणं म्हणजे दारातली इमर्जन्सी स्लाइड दारापाशी जमिनीला अशी जोडणं की दार आतून उघडलं की ती आपोआप फुगेल, डिसआर्म म्हणजे ती सोडवणं. क्रॉसचेक म्हणजे समोरच्या दाराचा आर्म-डिसआर्मचा लिव्हर स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, नुसता अंगठा दाखवून भागत नाही. एअरबसमध्ये उघडताना हँडल आधी किंचितच उचला, "स्लाइड आर्म्ड"चा पांढरा दिवा लागला तर तिथेच थांबा, हँडल खाली करा आणि लिव्हर परत बघा. या एका सेकंदाचा आळस केला आणि एरोब्रिजवर कोणी उभं असेल तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

स्टराइल कॉकपिट म्हणजे साधारण १०,००० फुटांखाली पायलटना बिनकामाचा फोन नाही. पण धूर, आग, विचित्र आवाज असं काही असेल तर तेव्हाही लगेच कळवायचं, इथे संकोच नको.

केबिन अल्टिट्यूड हा शब्द नीट समजून घ्या. विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण ८,००० फुटांवर असते तेवढी दाट ठेवतात, आणि ती विरळ होत १४,००० फुटांच्या आसपास पोचली की ऑक्सिजन मास्क खाली पडतात. ३५,००० फुटांवर हवा गेली तर डोकं ताळ्यावर राहतं फक्त ३० ते ६० सेकंद, म्हणून आधी आपला मास्क, मग जवळची सीट पकडायची.

गो-अराउंड म्हणजे लँडिंग सोडून परत वर जाणं, घाबरण्यासारखं काही नसतं.

आणि झुलू टाइम, म्हणजे यूटीसी, जगभर वापरायची एकच प्रमाण वेळ. आपली भारतातली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, ५ तारखेला २३:०० झुलू लिहिलं असेल तर रिपोर्टिंग ६ तारखेच्या पहाटे ४:३० ला, तेव्हा अलार्म लावताना तारीख परत एकदा बघा.