संशोधन प्रकल्पातील या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. त्यांतील गंभीर चुका आकडेमोडीत क्वचितच होतात. पहिली प्रश्नावली भरून घेण्याआधीच त्या होऊन गेलेल्या असतात.

सर्वांत महागात पडते ती नमुना निवडीतील घाई. चोपडा तालुक्यातील कापूस उत्पादक ठिबक सिंचन किती वापरतात, हा माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय होता. तिने चार दिवसांत १२० प्रश्नावल्या भरून आणल्या आणि जवळजवळ सगळेच शेतकरी ठिबक वापरतात, असा निष्कर्ष लिहिला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एवढेच विचारले, "ही माणसे तुम्हाला भेटली कुठे?" ती भेटली होती ठिबकचे साहित्य विकणाऱ्या दुकानासमोर. हा प्रश्न मार्गदर्शक म्हणून मीच आधी विचारायला हवा होता. तिला सर्व क्षेत्रकार्य पुन्हा करावे लागले.

नमुना मोठा केल्याने असा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका मोजून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आल्फ लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मतपत्रिका पाठवल्या गेल्या त्या मुख्यतः टेलिफोनधारक व मोटारमालकांच्या याद्यांवरून, आणि परत आल्या त्याही ज्यांना उत्साह होता त्यांच्याकडूनच. आमच्याकडे नमुना किती मोठा असावा हे सांगणाऱ्या, क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातील ३८४ हा आकडा सर्रास उतरवला जातो. तो यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी निवड गृहीत धरतो, हे मात्र कोणी वाचत नाही. व्हॉट्सॲप गटावर फॉर्म टाकून जमवलेल्या ३८४ उत्तरांना तो आधार देऊ शकत नाही. मी स्वतः तालुक्यातील गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून गावे काढतो आणि निवडलेल्या प्रत्येक गावातील खातेदारांच्या यादीतूनही चिठ्ठ्यांनीच नावे घेतो. यात वेळ जातो, पण तो जाऊ द्यावा.

दुसरी चूक पी-मूल्याची, म्हणजे सांख्यिकीय चाचणीतून येणाऱ्या आकड्याचा अर्थ लावण्याची. ते ०.०३ आले म्हणजे शून्य परिकल्पना (प्रत्यक्षात काहीच फरक नाही, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता तीन टक्के, असे लिहिणे चूक आहे. शून्य परिकल्पना खरी मानली, तर हाती आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची ती संभाव्यता असते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये हे स्वतंत्र निवेदन काढून बजावले आहे. मूल्य ०.०५ पेक्षा जास्त आले, तर "शून्य परिकल्पना नाकारता आली नाही" असे लिहावे. "सिद्ध झाली" असे लिहू नये.

सहसंबंधाला, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलण्याला, कारण म्हणू नये. प्रमाण विचलन (एकेका उत्तराचा सरासरीभोवतीचा विखार) आणि प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या सरासरीतील अनिश्चितता) या एकच समजू नयेत. त्रुटी नमुना वाढवल्यावर घटते, विचलन तसे घटत नाही. मातृभाषेच्या रकान्यात अहिराणीला १, लेवा गणबोलीला २ आणि पावरीला ३ असे संकेतांक देऊन त्यांची सरासरी १.७ काढलेली मी पाहिली आहे. हे आकडे केवळ नावांच्या जागी असतात, म्हणून तेथे केवळ वारंवारता आणि टक्केवारी द्यावी.