धमकी खरी की पोकळ? शेवटच्या चालीपासून मागे मोजा

समजा, तुम्हाला बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान टाकायचंय. तिथला जुना दुकानदार बजावतो, "आलात तर भाव असे पाडीन की वर्षभरात शटर ओढाल." घाबरायचं का?

आधी कागदावर निर्णयाचं झाड काढा. पहिली चाल तुमची: उतरायचं की नाही. उतरलात तर पुढची त्याची: भाव पाडायचे की गिऱ्हाईक वाटून घ्यायचं. प्रत्येक फांदीच्या टोकाशी दोघांची महिन्याची कमाई लिहा. तुम्ही उतरलाच नाहीत तर त्याला ५० हजार, तुम्हाला शून्य. त्याने भाव पाडले तर तुम्हाला १० हजारांचा तोटा, त्याच्या हाती जेमतेम ५ हजार. वाटून घेतलं तर तुम्हाला २०, त्याला २५.

आता टोकाकडून मागे या. तुमचं दुकान उघडलं की त्याच्यापुढे ५ आणि २५ एवढेच आकडे उरतात. ते ५० कधीच गेले. तो २५ घेईल. भाव पाडण्याची फांदी खोडा आणि मग आपली चाल पाहा: शून्य की २०? उतरा.

जर्मन अर्थतज्ज्ञ राइनहार्ड झेल्टेन यांनी १९६५ मध्ये हीच कसोटी मांडली: वेळ आल्यावर जी अमलात आणणं परवडणार नाही, ती धमकी हिशेबात धरायची नाही. १९९४ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये नॅश आणि हार्सानी यांच्यासोबत त्यांचाही वाटा होता.

घोळ होतो तो आकड्यांत. त्याचे आकडे त्याच्या नजरेने लिहा. माणसं केवळ पैसा मोजत नाहीत. जर्मनीत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाटणीच्या प्रयोगात एकाने रक्कम कशी वाटायची ते सुचवायचं, दुसऱ्याने ते मान्य करायचं किंवा नाकारायचं; तिथे काहींनी तुटपुंजा वाटा चक्क नाकारला, दोघांनाही काहीच मिळणार नाही हे ठाऊक असून. शिवाय त्या दुकानदाराची आणखी चार गावांत दुकानं असतील, तर इथे नमतं घेणं त्याला महागात पडेल. तेही धरा.

शेवटी पाहा, त्याने स्वतःचे दोर कापलेत का. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना सूर्याजीने दोर कापल्याचं सांगितलं, अशी परंपरा आहे. माघारीची फांदीच छाटली गेली, लढण्यावाचून चाल उरली नाही. दुकानदाराने वर्षभराचा माल आधीच रोखीने भरून ठेवला असेल, तर गिऱ्हाईक वाटून घेतल्यावर तो पडून राहील आणि त्याचे २५ कदाचित २ वर येतील. मग ५ त्याला बरे, आणि धमकी खरी. म्हणून गाळ्याची अनामत भरण्याआधी त्याच्या गोदामात किती माल आहे, याचा अंदाज घ्या.