म्यू लिहिताना या चुका टाळा: सगळा खेळ शेपटीचा

पंखा मंद फिरायला लागला म्हणून कंडेन्सर बदलला. जुन्यावर '२.५ एमएफडी' छापलेलं, नव्यावर २.५, पुढे म्यू, म्हणजे मायक्रोचं चिन्ह, आणि एफ. बारावीतला भाचा शेजारीच उभा. म्हणाला, "मामा, चुकीचा आणलास. एम म्हणजे मिली." पुस्तकाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. पण फॅरड हे कंडेन्सरच्या क्षमतेचं एकक, आणि २.५ मिलिफॅरड म्हणजे २५०० मायक्रोफॅरड, तेवढा कंडेन्सर पंख्याला कोण लावतं? हा एम जुन्या पद्धतीचा, मायक्रोचाच. जुन्या रेडिओच्या सर्किटमध्ये तर 'एमएमएफडी'ही सापडतं. ते मायक्रोचं मायक्रो, म्हणजे आजचं पिकोफॅरड.

म्यू हे ग्रीक वर्णमालेतलं बारावं अक्षर. 'मिक्रोस' म्हणजे लहान, त्याचं हे आद्याक्षर. मोजमापात अर्थ दहा लाखावा भाग. दिसायला इंग्रजी छोटा यू, फक्त डावीकडे खाली लोंबणारी शेपटी. ती गेली की घोळ सुरू.

सगळ्यात वाईट घोळ फॉन्टचा. 'सिम्बॉल' फॉन्ट निवडून एम दाबला की म्यू उमटतो, पण आत साठवला जातो तो एमच. मजकूर दुसरीकडे चिकटवला किंवा फॉन्ट बदलला की म्यूचा परत एम होतो, नाहीतर रिकामा चौकोन. थायरॉइडच्या ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीपुढे असं झालं, तर कागदावर ५० मिलिग्रॅम उरतात. हजारपट! म्हणून औषधाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: म्यू वापरूच नका. 'मायक्रोग्रॅम' असं पूर्ण लिहा, जागा नसेल तर 'एमसीजी'.

इतर ठिकाणी म्यू हवाच असेल तर विंडोजवर ऑल्ट दाबून नंबर पॅडवर ०१८१ टाइप करा. मात्र शीर्षक सगळं कॅपिटल करणारं बटण दाबण्याआधी थांबा. कॅपिटल म्यू हुबेहूब इंग्रजी एमसारखा दिसतो, आणि मोजमापात कॅपिटल एम म्हणजे मेगा, म्हणजे दहा लाख पट.

फाइलमध्ये म्यू डोळ्यांना दिसतोय, पण शोधला तर सापडत नाही? युनिकोडमध्ये म्यू दोन आहेत: एक मायक्रोचं चिन्ह, दुसरं ग्रीक अक्षर. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. शोधायचा म्यू टाइप करू नका, फाइलमधलाच कॉपी करून शोधपट्टीत टाका. यादी मोठी असेल तर एका प्रकारचे सगळे दुसऱ्यात बदलून घ्या.

विद्यार्थ्यांची चूक वेगळी. घर्षणाचा गुणांक म्यू ०.३ आला की पुढे सवयीने न्यूटन लिहितात. तो दोन बलांचा भागाकार आहे, त्याला एकक नसतं. संख्याशास्त्रात म्यू म्हणजे संपूर्ण समष्टीची सरासरी. नमुन्याच्या सरासरीला म्यू म्हटलं की गुण जातात. आणि वर्ग मायक्रोमीटरचं वर्ग मीटरमध्ये रूपांतर करताना दहाचा घातांकही दुप्पट होतो: उणे ६ नाही, उणे १२. ही चूक मी स्वतः इतक्यांदा केली आहे की अजूनही वर्ग दिसला की पेन थबकतं.

बाजारातला 'मायक्रॉन' म्हणजे मायक्रोमीटरच. ते नाव १९६७ साली अधिकृत एककांतून काढलं, तरी कॅरीबॅगच्या १२० मायक्रॉनच्या नियमात ते मजेत नांदतंय. बोलताना चालेल, प्रयोगवहीत मायक्रोमीटर लिहा.

हाताने लिहिताना आधी यू काढून मग शेपटी जोडायला गेलं की घाईत ती राहतेच. खालून, शेपटीच्या टोकापासून सुरुवात करा: सरळ वर, त्याच रेषेवरून अर्धं खाली, मग यूचं वळण.