ऑनलाइन मापाचा शर्ट मागवताना

कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत शर्ट शिवायला टाकला, की मापाची सगळी चिंता शिंप्याची असते. टेप त्याचा, वही त्याची, आणि गिऱ्हाइकाचा उजवा खांदा थोडा उतरलेला आहे हे न बोलता टिपणारी नजरही त्याचीच. ऑनलाइन शर्ट मागवताना ही तिन्ही कामे आपल्या गळ्यात पडतात, आणि त्यांतले नजरेचे काम सर्वांत अवघड असते. म्हणून पहिला शर्ट हा कपडा नसून चाचणी आहे असे समजून साधे पांढरे किंवा फिकट निळे पॉपलिन निवडावे आणि एकच नग मागवावा. तीन शर्टांवर सवलत मिळते म्हणून पहिल्याच वेळी तीन मागवणे म्हणजे एकच चूक तीनदा विकत घेणे होय.

मापे भरण्यापूर्वी समोरचा रकाना अंगाचे माप मागतो की तयार शर्टाचे, हे नीट वाचावे. पहिल्या शर्टाच्या वेळी मी छाती ४० इंच भरली होती. ते माझ्या अंगाचे माप होते आणि रकाना मात्र तयार शर्टाच्या घेराचा होता. आलेल्या शर्टाची बटणे लागत होती, पण ती लावल्यावर खोल श्वास घेण्याची सोय उरली नव्हती. अंगाच्या मापावर कापडाची जी सैल जागा सोडतात, तिला आपल्याकडचे शिंपी लूझिंग म्हणतात. अंगाचे माप दिले तर हे लूझिंग शिवणारा ठरवतो, शर्टाचे माप दिले तर ते आपण ठरवतो. माझ्या मते दुसरा मार्गच अधिक भरवशाचा आहे, कारण अंगावर टेप धरताना माणूस नकळत पोट आत घेतो, पण पसरून ठेवलेल्या शर्टाला तशी सवय नसते.

त्यासाठी कपाटातला सर्वांत चांगला बसणारा शर्ट घ्यावा. तो निदान चार-पाच वेळा धुतलेला असावा, म्हणजे त्याला जे आटायचे ते आटून झालेले असते. इस्त्री करून, सगळी बटणे लावून तो सपाट आणि कडक पृष्ठभागावर ठेवावा. गादीवर ठेवलेल्या शर्टाचे माप अर्धा इंच सहज चुकते. छातीसाठी बगलेच्या शिवणीखाली एक इंचावर या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप धरावा आणि आलेला आकडा दुप्पट करावा. कॉलर उघडून सरळ पसरावी आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या दूरच्या टोकापर्यंत मोजावे. कफही असाच मोजावा. बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत मोजावी. काही ठिकाणी ती पाठीच्या मध्यापासून मागतात, तेव्हा पाठीच्या रुंदीचा अर्धा भाग बाहीच्या लांबीत मिळवावा लागतो. लांबी मागच्या बाजूने, कॉलरच्या खालच्या शिवणीपासून शर्टाच्या खालच्या कडेपर्यंत घ्यावी. प्रत्येक माप दोनदा घ्यावे आणि दोन आकड्यांत पाव इंचाहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावे.

जो शर्ट मोजला तो नेमका कुठे खटकतो, तेवढीच दुरुस्ती आकड्यांत करावी. कार्यालयात घालायच्या शर्टाला छातीत अंगापेक्षा सुमारे ४ इंच अधिक घेर ठेवला तर तो अंगालगत बसतो, ५ ते ६ इंच ठेवला तर मोकळा बसतो. कॉलरमध्ये अर्धा इंच, दंडावर २ ते अडीच इंच आणि मनगटावर सुमारे २ इंच पुरतात. ज्या हातात घड्याळ असते त्या कफला आणखी पाव इंच मागता येते का, हे विचारून पाहावे.

सर्वाधिक घोटाळा खांदा, मुंढा (म्हणजे बाही जिथे शर्टाला जोडतात ते तोंड) आणि बाही या तिघांत होतो, कारण ही मापे एकमेकांना बांधलेली आहेत. पाठीची वरची रुंदी, म्हणजे एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंतचे अंतर, एक इंचाने वाढवले तर प्रत्येक बाही अर्धा इंच खालून सुरू होते आणि तेवढीच मनगटापुढे जाते. म्हणून रुंदी बदलली की बाहीचा आकडाही उलट दिशेने बदलावा. मुंढ्याबाबत तर बहुतेकांचा समज उलटा असतो. हात वर करताना शर्ट अडतो म्हणून लोक मुंढा मोठा मागतात, पण खोल मुंढ्यामुळे बाही थेट शर्टाच्या कुशीला ओढते आणि हात उचलला की खोचलेला शर्ट पँटमधून वर येतो. बगलेत रुतणार नाही इतका उंच मुंढा ठेवून दंडात जागा वाढवली, तर हात मोकळा फिरतो. दुचाकीवर बसून हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून पाहावे. पाठ तेवढ्याने ताणली, तर कमतरता मुंढ्याची नसून पाठीच्या रुंदीची किंवा पाठीवरच्या चुण्यांची असते.

तालमीत अंग कमावलेल्यांना तयार शर्ट बसत नाही ही कोल्हापुरातली जुनी अडचण आहे. गळ्याला आणि छातीला बसणारा शर्ट कमरेला झोळीसारखा लोंबतो. छाती आणि कंबर यांत ८ इंचांहून अधिक फरक असेल, तर सगळे जास्तीचे कापड बाजूच्या शिवणींतून काढू नये, कारण त्याने शिवण पुढे-मागे ओढली जाते. त्याऐवजी पाठीत दोन टक्स, म्हणजे जास्तीचे कापड आत घेऊन शिवलेल्या उभ्या चिमट्या, मागावेत. पोट पुढे असणाऱ्यांनी मात्र टक्स टाळून पुढची लांबी किंचित वाढवून घ्यावी, नाहीतर शर्टाची पुढची खालची कड वर चढलेली दिसते.

कापडाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. इचलकरंजीच्या कपड्याच्या दुकानात ठाण उलगडून, बोटांत चुरगळून पाहण्याची जी सोय आहे ती पडद्यावर नाही, म्हणून शक्य असेल तर आधी नमुन्याचे तुकडे मागवावेत. सुती कापड आधी आटवून घेतले आहे का, हे अवश्य विचारावे. ३ टक्के आटणारे कापड १६ इंची कॉलरमधून सुमारे अर्धा इंच आणि २५ इंची बाहीतून पाऊण इंच खाऊन टाकते.

शर्ट आल्यावर तो धुण्याआधी तसाच सपाट, कडक पृष्ठभागावर ठेवून मोजावा आणि आपण दिलेल्या आकड्यांशी पडताळावा. अर्धा इंच इकडेतिकडे बहुतेक ठिकाणी चूक धरत नाहीत. ही सूट किती आणि परतावा किंवा दुरुस्तीच्या अटी काय, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचलेले असावे. २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार परतावा आणि बदलीची माहिती गिऱ्हाइकाला देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

मग शर्ट घालून, हात सैल सोडून, नेहमी उभे राहतो तसे उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाकडून समोरून, बाजूने आणि मागून छायाचित्रे काढून घ्यावीत. आरशासमोर माणूस ताठ होतो, म्हणून आरसा या कामी फसवा ठरतो. बटणाच्या दोन्ही बाजूंना ताणाच्या रेषा फुटत असतील तर तिथला घेर कमी पडला आहे. मागे कॉलरखाली आडवी घडी साचत असेल तर खांदे सरळ आणि उंच आहेत, आणि मानेपासून बगलेकडे तिरक्या रेषा उतरत असतील तर खांदे उतरते आहेत. या दोन दोषांवर घेराचे आकडे बदलून उपयोग नसतो, खांद्याचा उतारच बदलून मागावा लागतो. कॉलर लावून दोन बोटे आत सहज जावीत. बोटे घालताना गळा आवळला तर पाव इंच वाढवावा.

छायाचित्रे पाहूनही उमगले नाही, तर तो शर्ट घालून आपल्या नेहमीच्या शिंप्याकडे जावे आणि या कामाचे पैसे त्याला मोकळेपणाने द्यावेत. दुसऱ्याचे शिवणकाम पाहून तो प्रथम नाक मुरडेल, पण पाच मिनिटांत टाचण्या लावून कुठे किती घ्यायचे ते दाखवील. ते आकडे लिहून घ्यावेत. शर्ट तीनदा धुऊन झाल्यावर पुन्हा मोजावा आणि दुसरा शर्ट त्या आकड्यांवरून मागवावा. एका वेळी दोन-तीनच मापे बदलावीत, कारण सगळीच बदलली तर कोणत्या बदलाने काय सुधारले हे पुढच्या शर्टात ओळखू येत नाही.