अमेरिकेत पहिल्यांदा फेडरल टॅक्स भरताय? मग सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे वाचा

जानेवारी संपता संपता कंपनीकडून डब्ल्यू-२ येतो, म्हणजे वर्षभरात पगार किती मिळाला आणि टॅक्स किती कापला त्याचा कागद, आणि आपली नवीन आलेली पोरं लगेच कुठलं तरी सॉफ्टवेअर उघडून आकडे टाकायला बसतात. जरा थांबा. आधी ठरवा की टॅक्सच्या हिशोबात तुम्ही रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट, कारण ग्रीन कार्ड नसलं तरी माणूस टॅक्ससाठी रेसिडेंट असू शकतो, आणि पुढचं सगळं ह्यावरच ठरतं.

दिवस मोजा

यंदा अमेरिकेत राहिलात ते सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याच्या आधीच्या वर्षीचा सहावा हिस्सा, ह्याची बेरीज १८३ किंवा जास्त आली आणि यंदाचे किमान ३१ दिवस असले तर तुम्ही रेसिडेंट. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर १ ऑक्टोबरला पहिल्यांदा आलेल्याचे त्या वर्षी ९२ दिवसच होतात म्हणून तो साधारणपणे नॉन-रेसिडेंट, पण पुढचं वर्षभर इथे राहिला की रेसिडेंट. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांचं वेगळं आहे, त्यांची पहिली ५ कॅलेंडर वर्षं मोजतच नाहीत, ऑगस्ट २०२१ मध्ये आलात तर २०२१ ते २०२५ ही ती पाच वर्षं, ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) असलात तरी.

नॉन-रेसिडेंट असाल तर

तुमचा फॉर्म १०४०-एनआर, एफ-१ वाल्यांनी सोबत ८८४३, म्हणजे आपले दिवस मोजायचे नाहीत हे सांगणारा फॉर्म (हा कमाई शून्य असली तरी द्यायचा असतो). टीव्हीवर जाहिरात दिसते ती बरीच सॉफ्टवेअर रेसिडेंटचा साधा १०४० च बनवतात, त्यामुळे आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, बऱ्याच ठिकाणी १०४०-एनआरचं सॉफ्टवेअर फुकट देतात. आणि हे नक्की लक्षात ठेवा: भारत-अमेरिका टॅक्स करारातल्या कलम २१(२) मुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (कमाईतून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळतं, बाकी बहुतेक नॉन-रेसिडेंट लोकांना ते मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर आहे, म्हणजे सोडून देण्यासारखी रक्कम नाहीये. डब्ल्यू-२ चे ४ आणि ६ नंबरचे रकानेही बघा, एफ-१ वरच्या नॉन-रेसिडेंटचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचा नसतो. कापला असेल तर आधी कंपनीकडे मागा, नाही दिला तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून सरकारकडे परत मागा.

रेसिडेंट असाल तर

आता जगभरातली कमाई दाखवायची. ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, शेअर विकून झालेला फायदा, सगळं. एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात टॅक्स-फ्री म्हणून इथेही फ्री असं खूप जण धरून चालतात, तसं नाहीये, इथे ते दाखवावंच लागतं. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट एप्रिल-मार्चचं असतं आणि इथलं वर्ष जानेवारी-डिसेंबर, म्हणून स्टेटमेंट काढून व्याज स्वतःच मोजा. त्या कमाईवर भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मागता येतं. भारतातल्या म्युच्युअल फंडात एसआयपी चालू असेल तर मात्र परदेशी फंडांसाठीच्या फॉर्म ८६२१ चं प्रकरण फार किचकट आहे, तिथे दोन्ही देशांचं कळणाऱ्या सीपीएला (इथला सीए) पैसे द्या, खरंच द्या.

एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. भारतातल्या सगळ्या खात्यांची वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक मिळून एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी तो भरायचा, बाबांबरोबरचं जॉइंट खातंही त्यात धरायचं. रिटर्नबरोबर जात नाही, फिनसेन ह्या सरकारी खात्याच्या साइटवर ऑनलाइन फुकट भरायचा, त्यावर टॅक्स काही लागत नाही पण न भरल्याचा दंड जबर असतो. इथे राहणाऱ्या एकट्या माणसाची परदेशातली रक्कम वर्षअखेरीस ५०,००० डॉलरच्या वर असेल (किंवा मध्ये कधी ७५,००० च्या वर गेली असेल) तर रिटर्नमध्ये परदेशातल्या मालमत्तेचा फॉर्म ८९३८ पण लागतो. नवरा-बायको एकत्र भरत असाल तर ८९३८ च्या ह्या रकमा दुप्पट.

बायको किंवा नवरा एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आणि सोशल सिक्युरिटी नंबर नाही? मग आयटीआयएनसाठी (टॅक्सपुरता नंबर) फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नला जोडून पाठवा. त्यासाठी ओरिजिनल पासपोर्ट पोस्टात टाकायला मन धजत नाही ते बरोबरच आहे, जवळचा सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट शोधा, तो पासपोर्ट बघून परत देतो. एकत्र रिटर्नला २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर.

तारीख

१५ एप्रिल. जमत नसेल तर त्याआधी फॉर्म ४८६८ टाका, १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, पण ती कागदांना, पैशांना नाही, म्हणून अंदाजाने पैसे तेव्हाच भरून टाका. हातात पैसे नसले तरी रिटर्न वेळेत भराच, कारण न भरल्याचा दंड बाकी रकमेच्या महिन्याला ५% आणि पैसे उशिरा दिल्याचा फक्त ०.५%. स्टेटचा रिटर्न वेगळा असतो, टेक्सास किंवा फ्लोरिडात असाल तर पगारावर स्टेट टॅक्सच नाही. घरातलं कोणी अमेरिकन सैन्यात असेल तर संरक्षण खात्याची मिलटॅक्स नावाची सोय फुकट आहे, ती वापरा.

आणि टॅक्स थकलाय, पोलीस येतील, गिफ्ट कार्डाने पैसे भरा असा फोन आला की सरळ ठेवून द्या. आयआरएसला (इथलं टॅक्स खातं) काही म्हणायचं असलं की बहुतेक वेळा आधी पोस्टाने पत्र येतं.